भिंतीकडे तोंड करून

सर, मुख्याध्यापकांकडे तुमची चुगली कुणी केली, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, की कळूनही तुम्ही गप्प राहिलात? वीसेक वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. चुगली मी केली होती.

युसूफ वडगावच्या आपल्या शाळेचा व्हरांडा आठवतो. तुम्ही खेळाचे शिक्षक, पण प्रार्थनेआधी आमच्याकडून आसनं करून घ्यायचात. एकदा दाखवायचात, आणि मग आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसायचात. मला हव्या होत्या दंडावर बेटकुळ्या. असल्या मांडी घालून बसण्यात मला काहीतरी लबाडीच दिसायची. मधूनच तुम्ही न वळता म्हणायचात, "तिसऱ्या रांगेतला, दम कोंडू नको." पोरं दचकायची. मी मनात म्हणायचो, चाळीस पोरांत कुणीतरी कोंडतच असणार, अंदाजपंचे दाहोदरसे ठोकून देतेत. एक दिवस सरळ मुख्याध्यापकांच्या कचेरीत गेलो. "सर तासाला झोपतेत." दुसऱ्या सकाळी ते मागे येऊन उभे राहिले, तुमची पाठ बघून गेले. आठवड्यात तास बंद. तुम्ही खुलाशाचा एक शब्द बोलला नाहीत. दहावी झाल्यावर मात्र मला बोलावून तुमची निळी सतरंजी हातात दिलीत. "ने. लागंल तुला." फुकट कोण काय देतं? टोमणाच असणार म्हणून ती मी घरी ज्वारीच्या पोत्यांखाली घातली.

पुढे पुण्यात जिमची फरशी पुसत पुसत ट्रेनर झालो, केजला येऊन स्वतःची जिम काढली. एका भिंतीला भिंतभर आरसा, दुसऱ्या भिंतीवर छातीत धडधडेल असा स्पीकर. योगावाल्यांना यथेच्छ हसायचो. मग ऊसतोडीवरून परतलेली एक मावशी कंबर धरून आली. तिला हलकं वजन उचलायला शिकवलं. पाठ सरळ, गुडघे बरोबर, आरशात सगळं ठीक. दुखणं मात्र वाढतच चाललेलं. एका सकाळी लाइट गेली, स्पीकर थांबला. ती खाली वाकते, वजन उचलते, आणि मी कान देऊन ऐकतोय तर श्वासाचा आवाजच नाही.

"मावशी, दम कावून धरता?"

"मंग? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं म्हणल्यावर धरावाच लागतो. सोडला की पाय घसरला. तुमी चढलाव का कधी?"

मी नव्हतो चढलो. "आता सोडून बघा."

"आन् पडले तर?"

"मी धरतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला ओळखीची होती, जन्मभर मी लोकांकडे तशाच नजरेनं बघत आलोय. मग तिनं हळूच श्वास सोडला. लाइट आल्यावरही मी स्पीकर लावला नाही.

चाळिशीत लातूरला जाऊन योग रीतसर शिकलो, पोरासोरांच्या मागच्या रांगेत बसून. तिथल्या गुरुजींवरही महिनाभर संशय घेतला, स्वभावच तो. आता जिममध्ये सकाळी आसनांचा वर्ग असतो, मावशीही असते, आणि मीही वर्गाकडे पाठ करून बसतो. परवा मागून कुजबुज आली, "सर झोपले का बे?" "गप, डुलू तर दे अजून." मला हसू आलं, आणि लगेच गेलंही. कारण तुमची खेळाच्या सामानाची खोली मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून होती, मध्ये नुसता पत्रा. मी तर कुजबुजलोही नव्हतो, खणखणीत बोललो होतो. तिसऱ्या रांगेतला दम ऐकणाऱ्या माणसाला ते ऐकू गेलं नसेल? आणि गेलं असेल, तर सतरंजी कावून दिलीत?

हे पत्र तुमच्या घरी नेऊन द्यावं म्हटलं, पण घरचे वाचतील. म्हणून त्याच, पोत्यांखालून काढून आणलेल्या सतरंजीच्या घडीत ठेवतोय. तिच्यावर मी रोज बसतो. फक्त एक सांगायचं राहिलं. तुमच्यासमोर भिंत होती, माझ्यासमोर आरसा आहे, आणि मी डोळा एकच मिटतो.