माय, तुझं दुखणं पोटाचंच होतं

माय, अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी दोन आठवड्यांपूर्वी मला विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?" मी नाहीच म्हणणार होते, कारण तुझ्या दुखण्याला आपल्या घरात कोणी दुखणं म्हटलंच नाही. मग म्हणाले, "आईला होता. पण सगळे म्हणायचे, ते मनाचं आहे."

वरूडला तू संत्र्यांच्या पेट्या भरायला जायचीस, त्या सकाळी मला अजून दिसतात. तू चुलीपुढं बसून भाकर थापतेस, माझ्या ताटात ठेचा वाढतेस आणि स्वतः चहासुद्धा घेत नाहीस. मी विचारते, "माय, तू काहून खाऊन नाई राहिली?" तू म्हणतेस, "मले भूक नाई. तू खाय." मला ते खरं वाटायचं. शेडमध्ये इतक्या बाया, पण आडोसा एकही नव्हता. काही खाल्लं की पोटात कळ यायची, धावावं लागायचं, म्हणून तू संध्याकाळपर्यंत उपाशी राहायचीस, हे मला फार उशिरा कळलं. बाबांनी तुला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. "बाईनं टेन्शन घेऊ नये," एवढं सांगून परत पाठवलं. त्या दिवसापासून तुझ्या पोटदुखीचं नाव घरात 'नखरे' पडलं.

कौंडण्यपूरच्या जत्रेला आपण जीपनं निघालो होतो. वाटेत तू ड्रायव्हरला थांबायला सांगतेस आणि पदर सावरत तुरीच्या शेतात धावतेस. जीपमध्ये हसाहस. तू परत येतेस तेव्हा आत्या म्हणते, "घरून निंगतानाच काहून नाई जाऊन आली? सगळ्याइले खोळंबून ठेवलं." तू माझ्या शेजारी येऊन बसतेस. तुझा हात माझ्या हातात थंडगार. जत्रेत मला हिरव्या बांगड्या भरल्यास, स्वतः पाण्याचा घोटही घेतला नाहीस. त्यानंतर तू कुठल्या जत्रेला गेली नाहीस, कोणाच्या लग्नाला नाही. "घरी कोनी पाह्यजे ना," म्हणायचीस.

माझं लग्न अकोल्याला होतं. वऱ्हाडाची बस दारात उभी होती. तू नवं लुगडं नेसून बसमध्ये चढलीस, माझ्या शेजारी बसलीस, आणि बस सुरू व्हायच्या आत उतरलीस. खिडकीखाली उभं राहून म्हणालीस, "जाय बाई. सुखानं राय." माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा तू घरी एकटी होतीस. पाहुण्यांत कुजबुज झाली, पोरीच्या लग्नाले मायच नाई. पुढच्याच पावसाळ्यात तू काविळीनं गेलीस.

आता माझं पोट तसंच आहे. शाळेत शिकवताना कळ येते आणि घाम फुटतो. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काहींची आतडी फार हळवी असतात. रिपोर्टमध्ये ते दिसत नाही. ताणानं वाढतं, पण म्हणून ते ढोंग नव्हे." त्यांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या, पोटाला उपयोगी पडणाऱ्या जिवाणूंच्या. "सगळ्यांना लागू पडतात असं नाही. महिनाभर घेऊन बघा, नाही तर बंद करू आणि दुसरं काही बघू." मी विचारलं, "आईला उपयोग झाला असता?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही."

कॅप्सूलनं फुगणं थोडं कमी वाटतं. कळ अजून येते. हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुला तर वाचताही येत नव्हतं. एकच सांगते. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना ऑटोत मी मोठ्यानं बोलले, "माय, तू नखरे नव्हती करून राहिली." ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. "मले काई म्हनलं का, ताई?"

मी नाही म्हटलं.