मी येऊन राहिलो

नंदनवन, नागपूर
५ मार्च २०२५

ती. आजीस,
उन्मेषचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् आत्याले सांगितलं तर अख्ख्या कळमेश्वरले ऐकू जाते. म्हणून पत्र. कॉलेज सोडलं तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आता मयुराचे बाबाही बोलत नाहीत. मी फक्त गिऱ्हाइकांच्या कूलरशी बोलून राहिलो.

झालं असं. मयुरा माझ्याच कॉलेजची. तिचे बाबा पुण्याहून बदलीवर आले, प्रताप नगरात राहतात. ती म्हणे, लग्नाचं बोलायचं तर एकदा येऊन भेट. मी सभ्यपणे मेसेज टाकला की काका, रविवारी मी तुमच्याकडे येऊन राहिलो. उत्तर आलं, लग्नाआधी मुलाला राहायला ठेवायची आमच्यात पद्धत नाही. समजवायले फोन केला, तर ते माझं मराठीच दुरुस्त करत बसले. मग माझं डोकं सटकलं. म्हटलं, तुमचं घर तुमच्यापाशीच ठेवा. तेव्हापासून मयुरा मेसेज वाचते, पण उत्तर देत नाही.

आबाजींले जाऊन वर्ष झालं. ते असते तर माझ्या बाजूनं उभे राहिले असते. आता त्यांच्या दुकानात, त्यांच्याच स्टुलावर बसून मी कूलरच्या ताट्यांत गवत भरून राहिलो अन् मधूनमधून रडून राहिलो. मयुरा गेली तर माझं काही खरं नाही. काय करू, सांग वं आजी.

रागावली असशील तरी माया पातळ करू नको.
तुझा,
उन्मेष

कळमेश्वर
९ मार्च

चि. उन्मेष यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की आत्याला वाटलं, मला ठसका लागला. ती पाणी घेऊन धावली.

अरे, हे तुझ्या रक्तातलंच आहे. आमच्या वाईला तुझ्या आबाजींचं कार्ड आलं होतं, मुलगी पाहायला सोमवारी येऊन राहिलो म्हणून. माझे वडील मराठीचे मास्तर. त्यांनी सरळ अर्थ लावला, मुलगा राहायला येतोय. नागपूर लांब, तिकडे तशी रीत असेल. माळ्यावरची गादी उन्हात पडली. हे आले, पोहे खाल्ले, मला पाहिलं आणि परतीच्या गाडीला निघाले, तर आईने यांची पिशवीच उचलून आत ठेवली. यांना वाटलं, इकडे अशीच रीत असेल. दोन्हीकडे सभ्यपणा, त्यामुळे विचारायचं कोणी? गुरुवारपर्यंत राहिले.

पण रिकामं बसणं यांना ठाऊक नव्हतं. दाराची कडी, वडिलांची छत्री, विहिरीचा रहाट, जे मोडलं नव्हतं तेही दुरुस्त केलं. रहाट आधी मुका होता, त्यानंतर बोंबलायला लागला. वडील म्हणाले, भाषा वाईट, हात बेताचा, पण मुलगा बसून खाणारा नाही. द्या मुलगी.

जन्मभर तसेच राहिले. उन्हाळा लागला की गावभरचे कूलर लावायचे, पण पहिला घरचा. त्याचं तोंड माझ्याकडे, स्वतः तापल्या भिंतीशी. संध्याकाळी दुकानातून फोन यायचा, शामला, येऊन राहिलो. मी रोज म्हणायची, येतोय म्हणा, आणि तवा ठेवायची. कान गेले तरी तेवढं ऐकू यायचं. तो फोन थांबला आणि मला त्या घरातली संध्याकाळ झेपेना, म्हणून इकडे आत्याकडे आले. ते असो.

तू जा. मराठीबद्दल नको, उद्धट बोललास त्याची माफी माग. आणि तिथे हातावर हात ठेवून बसू नकोस.

आशीर्वाद माझे, डोक्यावर गार पाणी तेवढं तुझं तू घाल.
तुझी आजी

नंदनवन, नागपूर
१७ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न.

गेलो होतो, पेचकस-पाना घेऊन. माफी मागितली. काका हूं म्हणाले अन् पेपरात शिरले. त्यांनी खिडक्या बंद करून कूलर लावला होता वं, घराचं इडलीपात्र झालं होतं. मी न विचारता खिडकी उघडली, कूलर तिच्याशी नेऊन लावला. जोशात पंपाचा पाइप निसटला अन् काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर सगळी धार. मयुरा दारामागे तोंडात ओढणी कोंबून हसून राहिली होती. मी म्हटलं, संपलं.

काका निथळत उभे राहिले. मग म्हणाले, पहिल्यांदाच या गावात गार वाटलं. पुढे म्हणाले, घरातलं मोठं माणूस घेऊन या, मग बोलू. बाबांले विचारलं, तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले, तेही आधी कॉलेजात परत नाव घातल्याचा दाखला आण म्हणून.

म्हणून तूच ये. मी जबरदस्ती नाही करून राहिलो. तुझा कूलर लावला, नवं गवत भरून. तोंड तुझ्या पलंगाकडे आहे. आवाज करते जरासा.

होकार दे, मग लोभ किती आहे ते वेगळं लिहायची गरज नाही.
तुझा,
उन्मेष

कळमेश्वर
२० मार्च

चि. उन्मेष,
आ. वि.

मयुराच्या वडिलांना कळव, मोठं माणूस येत आहे आणि त्याचं मराठी वाईचं आहे. कॉलेजचं तुझ्याशी मी नंतर बोलेन, सुटलास असं समजू नकोस.

बॅग भरली. आत्या सारखी विचारते आहे, परत कधी. तिला अजून काही बोलले नाही.

रविवारी संध्याकाळी तवा ठेव. मी येऊन राहिली. माझ्या वडिलांनी लावला होता, तोच अर्थ घे.

तुझी आजी,
शामला