बोंब न मारणाऱ्या पेशी

३ मार्च, सकाळ.
आज इतिहास घडला. साक्षीदार मी एकटाच. विषाणू आत शिरला की पेशी बोंब मारते, म्हणजे इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते, आणि शेजारच्या पेशी सावध होतात. माझं म्हणणं, आमच्या विषाणूचं एन्झाइम कात्रीसारखं चालतं आणि ती बोंब घशातच कापतं. आजचं रीडिंग: इंटरफेरॉन साफ शून्य. शुक्रवारी सेमिनार. त्यावरून लॅबच्या प्रमुख मॅडम आम्हा दोघांपैकी एकालाच नोकरीत कायम करणार. दुसरा म्हणजे आमचा गोगलगाय. बेंच एकच, डबा एकच, जिवलग मित्र. पण पिपेट उचलायलाही विचार करतो. वाईट वाटतं बिचाऱ्याचं.
संकल्प: कायम झाल्यावरही पाय जमिनीवर.

३ मार्च, संध्याकाळ.
गोगलगाय विचारत होता, एन्झाइम न घातलेल्या पेशींची प्लेट कुठाय. म्हणालो, दिवा चालतो हे बघायला कोणी तो बंद करून बघतं का. घरी बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, हो, बघतात की. तिला विज्ञानातलं काय कळतंय.

५ मार्च.
गोगलगाय माझ्या फ्लास्कवरचं लेबल वाचताना सापडला. हटकलं तर म्हणाला, दुपारी बोलू. दुपारी बघतो तर हा मॅडमच्या केबिनमध्ये, दार लावून. गोगलगाय नि पोटात पाय. ज्याच्याबरोबर घास वाटून खाल्ला तोच केसानं गळा कापतो. जेवण गेलं नाही. म्हणजे निम्मं गेलं.
संकल्प: पुराव्याशिवाय संशय घ्यायचा नाही. इन्क्युबेटरला कुलूप लावलं.

६ मार्च.
त्याचे सारखे फोन. उचलले नाहीत. मग मेसेज: तुझ्या पेशींबद्दल बोलायचंय, अर्जंट. चोराच्या मनात चांदणं. ब्लॉक केला. संकल्प मोडलेला नाही, कारण आता संशय नाही, खात्री आहे.
पहिल्या स्लाइडवरून त्याचं नाव काढलं. एन्झाइम त्यानंच खपून शुद्ध करून दिलं होतं, हे खरं. पण धुण्याभांड्याचं श्रेय कोणी देतं का?

७ मार्च.
सेमिनार. पहिलाच प्रश्न मागच्या रांगेतून: पेशी कुठल्या? म्हणालो, माकडाच्या मूत्रपिंडाच्या, विषाणू त्यांत झकास वाढतो. खसखस पिकली. मॅडम म्हणाल्या, झकास वाढतो, कारण त्या पेशींत इंटरफेरॉनचं जनुकच नाही. एन्झाइम घाला नाहीतर पाणी घाला, रीडिंग शून्यच. म्हणजे मी मुळात नसलेली बोंब कापली होती.
सगळ्यांना माहीत होतं. कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. याला विश्वासघात म्हणतात.

७ मार्च, संध्याकाळ.
मॅडमनी बोलावलं. परवा तो केबिनमध्ये माझा सेमिनार पुढे ढकला म्हणून गयावया करत होता म्हणे. त्यानं स्वतः माझाच प्रयोग माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत लावला होता, निकामी केलेल्या एन्झाइमच्या प्लेटसकट. निकामी एन्झाइम घातलं तर पेशी बोंब मारतात. चालू एन्झाइम घातलं तर गप्प. माझं म्हणणं बरोबर होतं. सिद्ध त्यानं केलं. मॅडमनी त्याचा कागद दाखवला. दोन नावं होती, पहिलं माझं.
नोकरी त्याला मिळाली.

८ मार्च.
मोठ्या मनानं त्याला माफ करायचं ठरवलं. बेंचवर जाऊन म्हणालो, झालं गेलं विसरून जाऊ. तो प्लेटवर मार्करनं नंबर घालत होता.
"काल पहिल्या स्लाइडवर माझं नाव नव्हतं," तो म्हणाला.
सांगितलं, जागा पुरली नाही.
"पुरली असती. तुझं जरा लहान करायचं."
एवढं बोलून त्यानं आपला डबा उचलला आणि पलीकडच्या बेंचवर जाऊन एकटाच जेवायला बसला. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. मला हाक मारता आली नाही.