दुसऱ्या ‘राइट’ला

लँकॅस्टर
३ नोव्हेंबर १९६८

प्रिय अगाथा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाला काल इस्पितळातून घरी आणलं. दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून आत घेतलं. झटक्याने उजवी बाजू गेली ती गेलीच. डाव्या हाताने चहा पितो, थोडा सांडतो. वाचा गेली असं मी तुला मागच्या पत्रात कळवलं होतं, पण ते तितकंसं खरं नाही. एक शब्द शिल्लक आहे. ‘राइट’.

उजवी बाजू गेली आणि शब्द तेवढा उरला, यावर पूर्वीचा क्लेम नक्की काहीतरी पाचकळ बोलला असता. आयुष्यभर गार्डाच्या डब्यापाशी उभं राहून हिरवा झेंडा वर करायचा आणि हाच शब्द ओरडून गाडी सोडायची, तोच जिभेला चिकटून राहिला, असं डॉक्टर हॅल्सॉल म्हणतात.

आता तो सगळ्या कामांना हाच वापरतो. चहा हातात आला की खालच्या पट्टीत. उशी वाकडी लागली की तोडून. शेजारच्या मिसेस डकवर्थ आपल्या जावयाचं कौतुक सुरू करतात तेव्हा भुवई उचलून, म्हणजे आमचा विश्वास बसलाच म्हणून समजा. फादर केलाहन देवाच्या इच्छेबद्दल बोलत होते तेव्हा असा लांबवला, की त्यांनी विषय बदलून हवेबद्दल सांगायला सुरुवात केली. आठवतं, शाळेत सिस्टर इग्नेशियांनी आपल्याला कोशातून या शब्दाचे अर्थ पाठ करायला लावले होते? योग्य, हक्क, सरळ, उजवा, आणखी पानभर. मिसेस डकवर्थसाठीचा अर्थ त्यात नव्हता.

डॉक्टरांचं म्हणणं, मला एकटीला हे झेपणार नाही. मोरकमला नन्सचं शुश्रूषागृह आहे, तिथे एक खाट रिकामी होते आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आत होय की नाही ते कळवायचं आहे. मला काय वाटतं ते विचारू नकोस. मी शोधलं, सापडलं नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ असतो ना, हात लावला की कळतं आहे म्हणून, पण आपला वाटत नाही. तशी मी सगळीच झाले आहे.

तुझं कमरेचं हाड कसं आहे? काठी घेऊन चालतेस की अजून हट्टच?

तुझी माया मला पुरून उरेल इतकी आहे, हे जाणून असलेली,
हिल्डा


पेन्झॅन्स
९ नोव्हेंबर १९६८

प्रिय वहिनीसाहेब,

तू मागत नाहीस तरी अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून वाटलं, स्टेशनवरचं वेळापत्रक वाचते आहे. अमुक गाडी अमुक वाजता, चहा थोडा सांडतो. हिल्डा, तू एकदा तरी रडलीस का? शाळेत मेलेल्या चिमणीसाठी तू जेवण सोडलं होतंस, आणि मला तुझ्या वाटचं पुडिंग मिळालं होतं, म्हणून विचारते.

शुश्रूषागृहाचं नाव काढू नकोस. एका हिवाळ्यातली गोष्ट तूच मला सांगितली होतीस. एक बाई तान्हं मूल आणि ढकलगाडी घेऊन पुलावरून धावत येत होती, इंजिनवाला वैतागून शिट्ट्या मारत होता, आणि आमचा क्लेम झेंडा काखेत मारून शांत उभा. ती आत बसेपर्यंत त्याने ‘राइट’ म्हटलं नाही. वरून बोलणी खाल्ली. ज्याने कुणाला फलाटावर सोडलं नाही, त्याला तू सोडणार?

तुम्ही दोघं आमच्याकडे यायचात ते दिवस काल आठवत होते. संध्याकाळी क्लेम दोन्ही गुडघ्यांवर हात आपटायचा, म्हणायचा ‘राइट’, म्हणजे आता निघू या, आणि हलायचा नाही. माझा नवरा नेड गुपचूप उठून पुन्हा किटली ठेवायचा. पहिला ‘राइट’ कुणी धरतच नसे आपल्यात. अर्ध्या तासाने दुसरा यायचा, तेव्हा कुठे तू कोट शोधायला लागायचीस. तेवढ्या अर्ध्या तासातच खऱ्या गप्पा व्हायच्या, नाही का?

निर्णय घेण्याआधी त्यालाच विचार. मी आले असते, पण डॉक्टर मला रस्त्याच्या टोकापर्यंतसुद्धा सोडत नाही. चि. क्लेमच्या कपाळावर माझ्या वतीने हात ठेव.

रागावलेली असले तरी तुझीच,
अगाथा


लँकॅस्टर
२१ नोव्हेंबर १९६८

प्रिय अगाथा,

स. न. वि. वि.

हात ठेवला. तुझ्या नावाला डोळे मिटून घेतले त्याने.

मंगळवारी त्याला न्हाणीघरातून आणताना माझा पाय घसरला. दोघेही खाली पडलो. मला लागलं नाही, त्यालाही नाही, पण मला तो उचलेना आणि त्याच्या अंगाखाली अडकलेला माझा हातही निघेना. मिसेस डकवर्थ चर्चमधून यायच्या होत्या, तोवर आम्ही गार फरशीवर पडून होतो. तेवढा वेळ तो डाव्या हाताने माझे केस थोपटत होता आणि तान्ह्या मुलाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणत होता, राइट, राइट. मी छताकडे बघत होते. छताला ओल आली आहे, एवढंच माझ्या मनात आलं. नवरा केस थोपटतो आहे आणि बायको ओल बघते आहे. हे तुला मुद्दाम लिहिते, म्हणजे वेळापत्रक म्हणणार नाहीस.

तू म्हणालीस म्हणून त्याला विचारलं. समोर बसून, एकेक शब्द सावकाश. मोरकमला जायचं, का इथेच राहायचं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, राइट. त्याच्या सगळ्या चाली आता मला ओळखू येतात. ही चाल नवी होती. होय असेल, नाही असेल, किंवा तू ठरव असेल. मला तिचा अर्थ लावत बसायचं नाही. उरलेलं आयुष्य त्या एका शब्दावर टांगून मी बाजूला झाले, तर त्याला फसवल्यासारखं होईल. म्हणून मीच ठरवलं. पुन्हा पडलो आणि मिसेस डकवर्थ गावाला गेलेल्या असल्या, तर?

एक तारखेला, रविवारी नेते आहे. तुला राग येईल. तो येऊ दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझ्या मायेतली थोडी राखून ठेव,
हिल्डा


पेन्झॅन्स
२६ नोव्हेंबर १९६८

प्रिय हिल्डा,

अ. आ.

राग आला. दोन दिवस होता. मग मी स्वतःच्या न्हाणीघरातल्या फरशीकडे बघितलं.

त्याचा झेंडा बरोबर दे. वरच्या कप्प्यात चुरगळून ठेवू नकोस, त्याला दिसेल असा ठेव. सुंठेच्या वड्या दे, पण नन्सना सांगून. आणि तिथून निघताना लगबग करू नकोस. तुला सगळं झटपट उरकायची खोड आहे.

तुझी,
अगाथा


लँकॅस्टर
२ डिसेंबर १९६८

प्रिय अगाथा,

स. न. वि. वि.

काल सोडून आले. खोली उजेडाची आहे, खाडी दिसते. ओहोटी होती, नुसती करडी वाळू. झेंडा त्याच्या समोरच्या खुर्चीच्या पाठीला बांधला. सिस्टर कोलंबा नावाच्या आयरिश नन आहेत, त्यांनी चहा दिला, कपडे लावले, मग लावायला काही उरलं नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. बाकीचे लोक उठले, कोट घातले, गेले. मला उठताच येईना. दुखत नव्हतं काही. पाय होते, पण त्यांना निरोप पोचत नव्हता. सिस्टर दारातून डोकावल्या आणि गेल्या.

तेव्हा क्लेमने डावा हात उचलला, डाव्या गुडघ्यावर आपटला आणि म्हणाला, ‘राइट.’

इस्पितळापासून आजवर हा ऐकला नव्हता. हा तुमच्याकडचा, दिवाणखान्यातला होता, अगदी तोच. मी काय केलं असेल ओळख. मी हलले नाही. पहिला आपण धरत नाही. मी पुन्हा खुर्ची जवळ ओढली आणि बोलत बसले. छताच्या ओलीबद्दल, नेडच्या किटलीबद्दल, तुझ्या काठीच्या हट्टाबद्दल. इतक्या दिवसांत त्याच्याशी उशी आणि औषध सोडून मी काही बोललेच नव्हते, ते बोलताना लक्षात आलं. खाडीत पाणी परत यायला लागलं. सिस्टरांनी दिवा लावला आणि आम्हाला तसंच राहू दिलं.

मग त्याने पुन्हा गुडघ्यावर हात आपटला आणि दुसरा ‘राइट’ दिला.

मी कोट घातला. दारापाशी वळून बघितलं, तर त्याने डावा हात सरळ वर धरला होता, झेंडा नसलेला. मी पूर्ण बाहेर पडेपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.

बसमध्ये कंडक्टरने कुठे जायचं ते विचारलं. तोंड उघडलं, तर माझ्याकडे एकही शब्द नव्हता, क्लेमकडे आहे तेवढासुद्धा. तो पोरगा थांबला, परत विचारलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिकीट न फाडताच पुढे गेला. तेव्हा रडले मी, अगाथा. लँकॅस्टर येईपर्यंत, सगळ्या लोकांसमोर. तू विचारलं होतंस म्हणून कळवते.

पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. थोडी लवकर, म्हणजे दुसऱ्यापर्यंत भरपूर वेळ मिळेल.

कमरेला जप, काठी घे, आणि माझ्यावरची माया आता राखून न ठेवता खर्च कर.

तुझी,
हिल्डा