तेवीस वाल

मंगळवार, २ जुलै

एखाद्या माणसाला त्याचंच वाक्य विंगेतून तिसऱ्यांदा सांगितलं, तर प्रॉम्प्टरने संहितेच्या वहीत तिसरी खूण करायची की नाही? चार वर्षं टाउन्सव्हिलला राहून पदवी घेऊन आले, पण हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नाही.

आज तालमीत मिस्टर सी — मिस्टर कार्डिलो, मासे-चिप्सच्या दुकानाचे मालक, आमचे प्रमुख नट — पुन्हा तिथेच अडकले. दुसरा अंक, दीपगृहाचा रखवालदार मुलीला म्हणतो — ‘दिवा लावणं एवढंच माझं काम. कुठं जायचं ते जहाज ठरवेल.’ इतकं सोपं वाक्य! ‘दिवा’ म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे बघितलंही नाही. हात वर तसाच. मी हळूच सांगितलं. पुढे म्हणाले, छान म्हणाले. परत सुरुवातीपासून घेतलं — परत ‘दिवा’.

सात वेळा सांगितलं. खुणा तीन केल्या.

आजचं धरत नाहीत म्हणा. धरतात ते कसोटीच्या रविवारचं, म्हणजे चौदा तारखेचं. त्या दिवशी दहाच्या वर खुणा झाल्या तर भूमिका बदली नटाकडे. तेवीस वर्षं आमच्या नाट्यमंडळाचा हा नियम आहे. नियम केला कुणी? मिस्टर सींनीच.

बुधवार, ३ जुलै

दिवसभर साखरेच्या गिरणीच्या मळीचा वास. कपडे दोनदा धुतले. कशात लक्ष नाही.

गुरुवार, ४ जुलै

गुरुवारी बारामंडी — आमच्याकडचा मासा — ताजी येते. बाबा उसाची आगगाडी चालवतात, पाच वाजता सुटतात, तसे आम्ही तिघं थेट कार्डिलोंच्या दुकानात. तालमीच्या हॉलच्या बरोब्बर समोर. मी परगावी होते तेव्हा मला घराची आठवण यायची ती खरं तर या दुकानाची — गरम कागदाची, व्हिनेगरची, पिठात तळलेल्या बटाट्याच्या कापांची. पहिला घास जीभ भाजतोच. तरी कुणी थांबत नाही.

बाबांनी तोंडी सांगितलं, ‘दोन बारामंडी, चिप्स.’ मिस्टर सींनी हसत पुडकं दिलं. उघडलं तर सहा बटाट्याचे काप आणि एक सॉसेज.

मी उठायला लागले. बाबांनी मनगट धरलं.

‘बस खाली.’

‘पण आपण मासे—’

‘मला हेच खायचं होतं.’

शेजारच्या टेबलावर शाळेच्या शिपायाने मागवलं होतं काय आणि आलं होतं काय! त्याच्या पुढ्यात चिंबोरीच्या तळलेल्या काड्या होत्या, त्याला चिंबोरी चालत नाही. एकेक काडी बायकोच्या कागदात सरकवत होता. दोघांचेही चेहरे असे, जणू रोज असंच जेवतात.

म्हणजे मिस्टर सी विसरतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि सगळं गाव पुढ्यात येईल ते खातंय.

मला अभिमान वाटला की राग आला, तेच कळेना. गल्ल्यावर मिसेस सी होत्या. आमच्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. नंतर आलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या, ‘चिठ्ठीवर लिहून द्या हं, गर्दी आहे.’ गर्दी नव्हती. चिठ्ठ्या कढईवरच्या तारेला लागल्या. चिठ्ठीवरचं एकही पुडकं चुकलं नाही.

शनिवार, ६ जुलै

सकाळी कीथच्या बेकरीत. खिमा भरलेला मीट-पाय, वर टोमॅटोचा सॉस, उभ्यानेच. कीथ अकरा वर्षं बदली नट आहे. अकरा वर्षांत एकदाही रंगमंचावर पाऊल नाही, कारण मिस्टर सी कधी आजारीच पडत नाहीत. भट्टीतून ट्रे काढताना रखवालदाराचं अख्खं स्वगत बोलला. एक शब्द चुकला नाही. आगगाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं बोलला, पण चुकला नाही.

‘कसं वाटलं?’

‘पाठ आहे तुझं.’

‘पाठ तर आहेच. कसं वाटलं?’

मी मीट-पायचा मोठा घास घेतला. त्याला समजलं.

‘ब्रायडी, मला ती भूमिका नकोय गं,’ म्हणाला. ‘मला त्याच्यासारखी करता येणार नाही. तू वही नीट धर म्हणजे झालं.’

नीट म्हणजे कशी? सगळे मला अर्धंच वाक्य सांगतात.

सोमवार, ८ जुलै

आईशी वाजलं. मी म्हटलं, सगळे मिळून खोटं बोलताय. खरं सांगितलं तर डॉक्टरकडे जातील, औषध मिळेल, निदान तयारी तरी होईल. आई मोटेलातल्या चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, ‘मे महिन्यातच जाऊन आलेत डॉक्टरकडे. मिसेस सीनं मला सांगितलं. तुला काय वाटलं, पदवी घेतलेलं माणूस गावात एकच आहे आणि डोकंही एकच?’

उरलेल्या घड्या मी घातल्या.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी जुनं काढलं. मला प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा बाबा नको म्हणत होते. ‘आपल्यात कोण गेलंय?’ मिस्टर सी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते, तळणाचा वास घेऊन, टोपी गुडघ्यावर. बाबांना म्हणाले होते, ‘डेस, तुझी गाडी रुळावरून जाते म्हणून पोरीनं पण तिथनंच जायचं का?’ बाबा आधी चिडले. मग हसले. मग सही केली.

आता त्याच माणसाच्या नावापुढे मी खुणा करायच्या.

गुरुवार, ११ जुलै

आज सगळी तालीम बरी गेली. चारच. उगीच आशा वाटते. डेनिस — दिग्दर्शिका, पोस्टातली — म्हणाली, ‘रविवारी असाच राहू दे, देवा.’ डेनिस देव मानत नाही.

रविवार, १४ जुलै

कसोटी झाली. दुपारी दोन ते साडेचार. जे झालं ते लिहायलाच हवं.

पहिल्या अंकात सहा. मी सहा खुणा केल्या. प्रामाणिकपणे. दुसऱ्या अंकात ‘दिवा’ आला, आणि गेला. मग वाक्यामागून वाक्यं जायला लागली. मी सांगत होते, ते उचलत होते — इतकं सुंदर उचलत होते की समोर बसलेल्यांना वाटावं, हा थांबलाय तो आठवणीने गहिवरून. आवाज तोच. पाठ ताठ. एका ठिकाणी मुलीचं नाव विसरले आणि ‘पोरी’ म्हणाले. ते मूळ नावापेक्षा बरं वाटलं.

पेन्सिल हातात होती. मी आणखी दोन खुणा केल्या आणि पेन्सिल मांडीखाली घातली.

डेनिसने रिवाजाप्रमाणे वही सगळ्यांसमोर उघडली. वाचलं — ‘आठ.’ कीथ सगळ्यात आधी टाळ्या वाजवायला लागला. मिसेस सींनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, ‘चला, समोर! आज काप माझ्याकडून!’

मिस्टर सींनी टाळी वाजवली नाही. विंगेकडे, माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं हसतील.

मी समोर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. आणखी एक खोटं.

सोमवार, १५ जुलै

काही खाल्लं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पुसटसं खोटं नाही, आकड्यातलं खोटं बोलले. आणि सगळे खूश आहेत.

मंगळवार, १६ जुलै

दुपारी तीनला बोलावणं आलं. दुकान बंद असतं त्या वेळी. मिसेस सींनी मागचं दार उघडलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसल्या.

मिस्टर सी काउंटरमागे. पुढ्यात धुतलेल्या काउंटरवर वाळक्या मोठ्या वालाचे दाणे, ओळीने मांडलेले. मला ते दाणे माहीत आहेत — दर मार्चमध्ये सेंट जोसेफच्या सणाला ते सगळ्यांना एकेक देतात, शुभ म्हणून खिशात ठेवायला. त्यांच्या मूळच्या सिसिलीतली रीत.

‘मोज, प्रोफेसर.’ पदवी घेऊन आल्यापासून मला हेच म्हणतात.

तेवीस.

‘डाव्या खिशातून उजव्या. तू एकदा सांगितलंस की एक दाणा. वीस वर्षांवर करतोय हे. पूर्वी अख्ख्या मोसमात दोन सरकायचे.’ मग — ‘तू चार वर्षं शिकलीस ना तिकडे? मोजायला नाही शिकवलं?’

मी रडले असते, पण त्यांनी पुढ्यात चिप्स ठेवले. ‘खा आधी. रिकाम्या पोटी रडलं की उचक्या लागतात.’

मग हॅरॉल्ड प्राइसचं सांगितलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. औषधांच्या दुकानाचे मालक, मिस्टर सींच्या आधीचे प्रमुख नट. तेही असेच विसरायला लागले. सगळ्यांना कळलं होतं. सगळे त्यांच्यावर जीव टाकत होते, म्हणून कुणीच बोललं नाही. पहिल्या प्रयोगाला दोनशे माणसांपुढे ते चार मिनिटं नुसते उभे राहिले. चार मिनिटं. प्रॉम्प्टरचा आवाजही त्यांच्यापर्यंत पोचेना.

‘त्यानंतर हॅरॉल्ड या रस्त्याला फिरकला नाही. मासे न्यायलासुद्धा नाही. मी पुडकं घेऊन घरी जायचो, तर दार उघडायचा नाही. मी त्याचा मित्र होतो, ब्रायडी. मला सांगता आलं नाही त्याला. म्हणून नियम केला. माणसानं माणसाला सांगायची वेळच येऊ नये. वहीनं सांगावं.’

दाणे गोळा करून एकेक बरणीत टाकत होते.

‘तू मला हॅरॉल्ड करायला निघालीस. प्रेमानं. प्रेमानंच करतात सगळे.’

मी म्हटलं, ‘मग तुम्हीच का नाही सांगितलंत रविवारी? दाणे होते की खिशात.’

बरणीचं झाकण घट्ट लावलं.

‘टाळ्या वाजत होत्या,’ म्हणाले. ‘वाईट सवय आहे ती.’

बुधवार, १७ जुलै

डेनिसकडे जायला निघाले. पोस्टाच्या दारातून परतले. काउंटरवर रांग होती, हे कारण.

खरं कारण — आकडा दुरुस्त केला की ते घरी बसणार. मंगळवार, गुरुवार, रविवार, तालमीचे तिन्ही दिवस हॉलच्या समोर दुकानात उभं राहून आतला आवाज ऐकणार. नियम हॅरॉल्डच्या चार मिनिटांपासून वाचवतो. पण पाचव्या मिनिटाचं काय? त्याचा नियम कुणी केलाच नाही.

गुरुवार, १८ जुलै

बारामंडी. आज आम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं. मी तारेखाली उभी राहून त्यांना बघत होते. चिठ्ठी वाचायची, हात हलायचा. पुढची चिठ्ठी. एक मासा चुकला नाही, एक काप करपला नाही. मध्येच एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचून म्हणाले, ‘जॉइस, तू व्हिनेगर लिहायला विसरलीस. तुला लागतं.’

कागदावर असेल ते त्यांच्यापासून कुठेही जात नाही. आणि कागदावर नसलेलं — दुसऱ्याचं राहिलेलं — तेसुद्धा दिसतं त्यांना!

घरापर्यंत जवळजवळ पळत आले. बाबा मागून ओरडत होते, ‘अगं, मासे माझ्याकडे आहेत!’

शनिवार, २७ जुलै

पहिला प्रयोग. साडेपाच वाजलेत. मिसेस सी कढई तापवतायत, मी दुकानात, क्षणभर टेकायला बटाट्यांच्या गोणीवर बसलेय.

एकोणीस तारखेला, शुक्रवारीच, पोस्टात जाऊन आठ खोडलं, तेवीस लिहिलं, खाली सही केली. डेनिसने रांगेतल्या माणसाला थांबायला सांगितलं आणि माझा हात धरून उभी राहिली. रखवालदाराचा कोट कीथने घातलाय. पहाटेपासून अख्खी भूमिका तीनदा म्हणून झाली म्हणे.

माझी विंगेतली खुर्ची, विजेरी, वही, पेन्सिल — सगळं मी मिस्टर सींना देऊन आले. मंडळाला विचारलं नाही. वही त्यांनी आधी डोळ्यांजवळ धरली, मग मांडीवर नीट ठेवली. विचारलं, ‘आणि मध्यंतरात दोनशे माणसं रस्ता ओलांडून येतील, त्यांना कोण तळून देणार? शेवटच्या माणसाला चिप्स मिळाल्याशिवाय घंटा वाजत नाही आपल्याकडे.’

मी ॲप्रन दाखवला.

‘प्रोफेसर,’ म्हणाले, ‘पीठ पातळ ठेव.’ आणि खिशातला एक वाल काढून पेन्सिलीशेजारी ठेवला, कीथसाठी.