बेदाणा शेडमधला पिरॅमिड

४ मार्च, तासगाव

मनुबाई काय आणि किती खातात ते रोज लिहा, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ही वही. साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहावर तीस वर्षं काढल्यावर एका म्हातारीला सांभाळणं म्हणजे सुट्टीच. सकाळी एसटीतून उतरले, तर मळ्याचे मालक वीरधवल स्वतः गाडी घेऊन हजर. बाग सुरेख. मनुबाई त्यांच्या आई. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ तिखट. मला पाहताच म्हणाल्या, "ही मास्तरीण मला सांभाळणार व्हय? आदी हिलाच दोन भाकरी घाला."

दीड भाकरी, वांगं, ताक.

६ मार्च

बेदाणा वाळवायच्या शेडमध्ये वीरधवलांनी तांब्याच्या नळ्यांचा पिरॅमिड उभारला आहे. कुठल्याशा शिबिरात शिकून आले: त्याखाली काही कुजत नाही, इजिप्तचे राजे त्यामुळेच अमर झाले. आईला मरू द्यायचं नाही, म्हणून तिची खाट आजपासून तिथे. बी.ए.ला माझा इतिहास होता. मी ठणकावून सांगितलं, ती थडगी होती. राजे आधी मरत, मग त्यांचं पोट रिकामं करून खारात वाळवत. किती दिवस, हे त्यांनी विचारलं. चाळीस, मी म्हणाले. ते फारच लक्ष देऊन ऐकत होते.

एक भाकरी, आमटी.

९ मार्च

जेवण बंद. पोट रिकामं हवं, तुम्हीच शिकवलंत बाई, असं वीरधवल म्हणाले. इजिप्तला चाळीस दिवस लागत, आपला बेदाणा पंधरा दिवसांत तयार होतो, हेही हसत सांगितलं. मनुबाईंच्या आंघोळीच्या पाण्याला वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या तेलाचा वास होता. मी भांडले. त्यांनी माझा मोबाईल काढून घेतला. पिरॅमिडच्या लहरी बिघडतात म्हणे. फाटकाला कुलूप; कामाच्या बायका आणि मालाच्या टेम्पोपुरतंच उघडतं.

मी शिकवलं. मीच.

१४ मार्च

चोरून ताक पाजते. चार चमचे. कातडी सुरकुतून हाडाला चिकटली आहे. मनुबाई पुटपुटल्या, "लेकानं माजा बेदाणा केला गं." आणि हसल्या.

सून मंगल रोज येऊन त्यांच्या पायांवर हळदकुंकू वाहते. जिवंतपणी—

२० मार्च

उद्या गंधकाची धुरी. बेदाण्याला रंग यावा म्हणून बंद शेडमध्ये देतात ती. त्यात माणूस—

बेदाणा निवडायला येणाऱ्या शकिलाला सगळं सांगितलं. तिचा नवरा इलाही मालाचा टेम्पो चालवतो. "क्रेटमागं झाकून नेतो बाई, तुमी फकस्त खाटंचं बगा," म्हणाली. वीरधवल सारखे शेडच्या जाळीतून खाटेकडे बघतात. ती रिकामी दिसली, तर टेम्पो फाटकातच—

२१ मार्च, दुपार

शकिलाकडे सोपवलं: मनुबाई, जिवंत, बोलतात. औषधांची पिशवी. डॉक्टरांचा कागद. या वहीची आधीची पानं, फाडून.

टेम्पो गेला. खाटेवर मी. अंगावर त्यांची चादर. सांगली गाठायला पाऊण तास. तेवढं पडून राहायचं.

दारं लावली. फटी बुजवतायत. मंगल बाहेर आरती म्हणते आहे.

डोळे चुरचुरतात. घसा— खोकायचं नाही. खोकले तर आवाज ओळख—