बारा लुगडी आणि मंडईचा एकच पाहुणा

चिरंजीव सोमाजीले आंधळगावहून मोठ्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? पत्र सूनबाई उर्वशी लिहून राहिली आहे. (अक्षर चांगलं आहे तिचं, भाजीत मिठाचा हात मात्र जड. हेही तिनं लिहिलं, म्हणजे पोरगी इमानदार आहे.)

आता मुद्दा. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हाही कोणी दिवाळीमागच्या मंडईच्या जत्रेची तारीख हलवली नव्हती. तू कमिटीचा अध्यक्ष काय झालास, नाटकवाल्यांले दुसरा दिवस मोकळा नाही म्हणून तुमची मंडई आमच्याच दिवशी ठेवलीस. दरवर्षी तुमचं अर्धं गाव आमच्याकडे येते, जेवते, नाटक पाहते. आणि माहेरी आलेल्या बहिणीले लुगडं द्याचं म्हणून भाऊलोक ते विकत घ्याले माझ्या ओसरीवर येतात. त्या एका दिवसाच्या जोरावर माझ्या पोराचा, मोतीलालचा हातमाग वर्षभर चालते. यंदा मी गंजभर कोंबड्याचा रस्सा रांधून दारात बसली. कोणी आलं नाही. आमच्या गावच्या पोरीही तुमच्याच नाटकाले गेल्या.

आला तो एकच. भंडाऱ्याहून कागद घेऊन एक साहेब, मंडईनं गावाले काय फायदा होते ते मोजाले. पहिल्या ताटावर विचारलं, पाहुणे किती? म्हटलं, तुम्ही धरून एक. तिसऱ्या ताटापर्यंत तो लिहीत होता. चौथ्यावर पेन खिशात टाकून नुसता जेवला. जाताना म्हणे, आजी, फायदा दिसला. म्हटलं, तुमचा दिसला बापा, माझी बारा लुगडी वळणीवर तशीच आहेत. मोतीलाल म्हणून राहिला, माग विकतो आणि लाखनीले ट्रकवाल्यांसाठी चहाचं दुकान टाकतो. (त्याच्या हातचा चहा तू प्यायला आहेस. ट्रकवाल्यांनी आपलं काय बिघडवलं?)

मी रागावली नाही. पोटात ठेवलं तर दुखते, म्हणून कागदावर ठेवलं.

तुझी मोठी बाई (अंगठा)

ता.क. मंडईत बहिणीले लुगडं द्याचा तुझा मान राहून गेला. बाजारातलं आणू नको. बुधवारी माझ्या ओसरीवर ये, मोठ्या काठाचं जांभळं पसंत कर, पैसे मोतीलालच्या हातात दे आणि लुगडं मले दे.

ता.क. दुसरा. चुलत-मावस आणि तुले धरून मले तेरा भाऊ. सगळ्यांले अशीच पत्रं धाडली. (उर्वशीचा हात दुखून राहिला.) पण लुगडी बाराच, म्हणून तुझं जांभळं तेराव्याले, लक्ष्मणलेही दाखवाचं आहे. तो शुक्रवारी येते. त्याले काही बोलू नको.